लाल मॅसीचा कारखाना कुठे गेला?

वसमतच्या हळद बाजारात लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचे तीन त्रिकोण दाखवत एका पोराने विचारलं, "दादा, ही कंपनी इंग्लंडची ना?"

मॅसी कॅनडाची, फर्ग्युसन ब्रिटनची. १९५३ मध्ये दोन्ही एक झाल्या.

नांगर मागून उचलणारं हायड्रॉलिक ही हॅरी फर्ग्युसनची देणगी. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात त्याचे पाच लाखांहून जास्त छोटे ट्रॅक्टर बनले.

तिथला शेवटचा ट्रॅक्टर डिसेंबर २००२ मध्ये निघाला. युरोपातलं उत्पादन फ्रान्सच्या बोव्हेला एकवटलं. कॉव्हेंट्रीसाठी हा मोठाच घाव, असं मला वाटतं.

आपल्याकडचा मॅसी मात्र टाफेचा. ही कंपनी १९६० मध्ये मद्रासला सुरू झाली.

हिंगोली, कळमनुरी, औंढा, सेनगावकडे कुणाकडे जुना मॅसी असेल तर फोटो टाका. काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.