घरट्यावरचा कॅमेरा आणि आपला संयम

कॅलिफोर्नियातील बिग बेअर तलावाजवळच्या पाइन वृक्षावर जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगल जोडीचं घरटं आहे. त्यावरचा कॅमेरा चोवीस तास थेट चित्रण दाखवतो. 2024 साली जॅकीने घातलेल्या तिन्ही अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. एरवी साधारण पस्तीस दिवसांत अंडी फुटतात, पण ही जोडी त्यानंतरही कित्येक दिवस बर्फ अंगावर घेत ती उबवत राहिली. 2025 मध्ये तीन पिल्लं जन्मली. त्यातलं एक मार्चच्या हिमवादळात दगावलं, उरलेली दोन जूनमध्ये उडाली. या कॅमेऱ्याचं खरं मोल मला इथेच दिसतं. निवडक क्षणांच्या माहितीपटात जे गळून जातं, ते अपयश आणि ती लांबलचक वाट पाहणं इथे जसंच्या तसं दिसतं.

पिल्लू डोळ्यांदेखत मरत असताना नुसतं बघत बसणं निर्दयपणाचं नाही का, हा आक्षेप मनापासूनचा आहे. पण झाडावर चढलेल्या माणसामुळे पालक पक्षी घरट्यावरून उठले, तर थंडीने उरलेली पिल्लंही जातील. शिवाय अमेरिकेत 1940 पासून या गरुडाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे घरट्यात असा हात घालता येत नाही. कॅमेऱ्याचाच त्रास होत असेल, ही शंकाही रास्त आहे, म्हणून कॅमेऱ्याची कामं विणीचा हंगाम सोडून करायला हवीत. माणसाची मदत जिथे खरोखर लागते ती जागा वेगळी. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन 1963 मध्ये अलास्काबाहेरच्या अमेरिकेत पाचशेहूनही कमी जोड्या उरल्या होत्या. 1972 मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि 2007 मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.