धुण्याचे पाणी, सरपण आणि आपली विहीर

बियाणे, खत व मजुरी यांचा हिशेब शेतकरी काटेकोरपणे ठेवतो. परंतु घरच्या धुण्याला किती पाणी, सरपण व साबण खर्ची पडतो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात विहीर तळ गाठू लागली म्हणजे डोक्यावरून आणलेल्या प्रत्येक हंड्याचे मोल कळते. तरीही त्याच विहिरीच्या काठी धुणे चालते आणि फेसाचे ओघळ पुन्हा विहिरीत उतरतात. जे पाणी आपण पितो, त्यातच आपण मळ सोडतो. ही हानी टाळणे अवघड नाही. त्यासाठी नवा खर्च नको. फक्त रीत बदलावयास हवी.

पाणी तापविणे आवश्यक आहे काय?

वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ७०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेवर हा खर्च पाऊण युनिटाहून अधिक होतो. साध्या चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता वाया जात असल्याने त्याच कामी सुमारे दीड किलो सरपण जळते. आठवड्यातून दोन वेळा असे पाणी तापविले, तर वर्षाला दीड क्विंटल सरपण केवळ धुण्यापायी जाते. ते गोळा करण्याचे कष्ट आणि धुराचा त्रास बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्यास येतो.

रोजच्या कपड्यांना गरम पाण्याची गरज नसते. आजाऱ्याचे कपडे, बाळाची दुपटी व फार तेलकट कपडे यांपुरतेच ते राखून ठेवावे. ज्यांच्या घरी धुलाई यंत्र आहे, त्यांनीही ते गार पाण्यावर व पुरेसे कपडे साठल्यावरच चालवावे; कारण पाणी तापविणाऱ्या यंत्रात बरीचशी वीज त्या तापविण्यातच खर्च होते.

भिजविण्याचे महत्त्व

मळ सुटतो तो मुख्यतः भिजल्याने आणि चोळल्याने. साबणाचे साहाय्य थोडेच पुरते. कपडे प्रथम झटकून माती काढावी व अर्धा तास भिजवावे. मग कॉलर, बाह्या व धोतर-लुगड्याचे काठ एवढ्याच ठिकाणी साबण लावावा. फेस जितका अधिक, तितके खळबळण्यास पाणी अधिक लागते. शेवटच्या खळबळणीचे पाणी सांडू नये. दुसऱ्या दिवशीचे कपडे भिजविण्यास ते उत्तम.

पुष्कळ विहिरींचे पाणी दुष्फेन, म्हणजे जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाची दह्यासारखी साय जमते व साबण वाया जातो. अशा गावी पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून धुण्यास वापरावे. ते मऊ असल्याने थोड्या साबणात काम होते. रेशमी व लोकरी कपड्यांसाठी रिठ्याची टरफले रात्रभर भिजवून त्यांचे पाणी वापरावे. मात्र हे पाणी माशांना घातक असल्याने ते तळ्यात सोडू नये.

सांडपाण्याची योग्य जागा

विहीर, ओढा व हातपंप यांच्या काठी धुणे करू नये. धुण्याचा दगड विहिरीपासून किमान १५ मीटर दूर, उताराच्या बाजूस असावा. सांडपाण्यासाठी सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल शोषखड्डा खणून तो दगड-विटांच्या तुकड्यांनी भरावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर जिरत नाही; तेथे केळी, कर्दळ व अळू यांचा वाफा करावा.

येथे शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. साबण, सोडा व धुण्याची पावडर यांत सोडियम असते. एकाच जागी सतत ते पाणी सोडल्यास चिकण मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरत नाही व जमीन चोपण बनू लागते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात हा धोका अधिक. म्हणून सोडा जपून वापरावा, वाफे आलटून पालटून भिजवावेत आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीस हे पाणी देऊ नये. बाळाच्या दुपट्यांचे पाणी शोषखड्ड्यातच सोडावे.

वाळविण्याचे काम सूर्याचे

ऊन फुकट मिळते व त्याने जंतूही कमी होतात. पांढरे कपडे व गोधड्या भर उन्हात वाळवाव्यात. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घालावेत. झटकून, ताणून घातलेल्या कपड्यास इस्त्रीची गरज क्वचितच पडते.

फवारणीचे कपडे वेगळे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीच्या कपड्यांत विष राहते व धुणाऱ्याच्या अंगालाही ते बाधते. हे कपडे घरच्या धुण्यात कधीही मिसळू नयेत. ते त्याच दिवशी, हातमोजे घालून, वेगळ्या भांड्यात धुवावेत. येथे मात्र पाण्याची वा साबणाची काटकसर करू नये. गरम पाणी व पुरेशी पावडर वापरून दोनदा धुवावेत, उन्हात निराळे वाळवावेत व भांडे स्वच्छ घासावे. ते पाणी विहीर, ओढा, गोठा व परसबाग यांपासून दूर पडीक जागी ओतावे. मूळ औषधानेच भिजलेला कपडा धुण्याच्या भरीस न पडता टाकून द्यावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकावर भर द्यावा. एका बाटलीत पावसाचे व दुसरीत गावच्या विहिरीचे पाणी घेऊन दोहोंत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. एकीत फेस व दुसरीत साय दिसली, की वेगळे सांगावे लागत नाही. बैठकीस पुरुषांनाही बोलवावे. कारण धुण्याचा दगड हलविणे व शोषखड्डा खणणे ही कामे त्यांच्या हातची आहेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वस्तीत निदान एक शोषखड्डा पुरा झाला, तर तेथील विहिरीचे पाणी राखण्यास चांगला प्रारंभ होईल.