जाहिरात रात्री बघितली, ऑर्डर सकाळी आली

आजच्या भागात बोलूया ‘अ‍ॅड शेड्युलिंग’बद्दल. म्हणजे आपली ऑनलाइन जाहिरात दिवसाच्या कुठल्या तासांत दाखवायची, ते ठरवणं. ऐकायला अगदी सोपं आहे. मी बीटेक, दिवसभर कोड लिहिते, तरी इथे सपशेल आपटले. तेच सांगते.

माझी मावशी डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करून विकते. गेल्या वर्षी मी तिला एका पानाची वेबसाइट करून दिली, त्यावर ऑर्डरचा फॉर्म टाकला आणि गूगलवर रोज 300 रुपयांची जाहिरात सुरू केली. आपण वेळापत्रक लावलं नाही तर ही जाहिरात चोवीस तास चालू राहते. दोन आठवड्यांनी मी फॉर्मची शीट उघडली. बहुतेक ऑर्डर सकाळी 10 ते 12 मधल्या! म्हटलं, मग रात्री पैसे कशाला जाळायचे? जाहिरात फक्त 10 ते 12 ठेवली.

चार-पाच दिवसांत ऑर्डर आटल्या. इकडे भाजणी दळून आलेली, मदतीला दोन बायका ठेवलेल्या, दिवाळी तोंडावर. मावशी म्हणाली, “अगं, तुझ्या जाहिरातीपेक्षा लिफ्टमध्ये चिकटवलेला कागद बरा!”

चूक शेवटी तिनेच शोधली. ऑर्डर पक्की करायला ती प्रत्येकीला फोन करते. एका बाईंना तिने सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, “रात्री जेवणं उरकल्यावर बघून ठेवलं होतं. सकाळी सासूबाईंना विचारलं, किती किलो ते ठरवलं आणि फॉर्म भरला.”

म्हणजे ऑर्डर येते ती वेळ वेगळी आणि मनात विचार सुरू होतो ती वेळ वेगळी. मी पहिली वेळ बघून दुसरी बंद करून टाकली होती.

आणि हे गूगलच्या रिपोर्टमध्ये होतंच! फॉर्मवर मी ट्रॅकिंग कोड बसवला होता. गूगल अ‍ॅड्सच्या ‘कन्व्हर्जन’ रकान्यात ऑर्डर धरली जाते ती क्लिकच्या वेळेला. रात्री 10 ला क्लिक आणि सकाळी 11 ला ऑर्डर, तर ती ऑर्डर रात्री 10 च्या खात्यात जाते. तासांनुसार रिपोर्ट काढला आणि रात्री 9 ते 11 चे आकडे बघून कपाळावर हात मारला.

आता तुम्ही करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा.

एक, दोन-चार ऑर्डरवरून तास ठरवू नका. थोडे आठवडे चोवीस तास चालू द्या.

दोन, तास कमी केले म्हणून बजेट आपोआप कमी होत नाही. रोजचे 300 उरलेल्या तासांतच खर्च करायचा प्रयत्न होतो.

तीन, बोली स्वतः लावत असाल तर तास बंद करण्याऐवजी त्या तासांची बोली कमी करता येते. पण स्मार्ट बिडिंग चालू असेल तर ही कमी-जास्त टक्केवारी धरली जात नाही. तास पूर्ण बंद केला तर मात्र तो बंदच राहतो.

चार, वेळ मोजली जाते ती तुमच्या अकाउंटच्या टाइम झोनप्रमाणे, बघणाऱ्याच्या नाही. मावशीकडे न्यू जर्सीतला एक मुलगा इथल्या आई-वडिलांसाठी ऑर्डर देतो. उन्हाळी वेळ चालू असताना त्याच्याकडे रात्रीचे 9 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग साडेसात.

आणि एक उलटी बाजू. तुमची जाहिरात थेट फोन लावणारी असेल, समजा फ्रिज दुरुस्तीची, तर फोन उचलायला माणूस आहे तेवढेच तास ठेवा. तिथे गिऱ्हाईक सकाळपर्यंत थांबत नाही, पुढच्या नंबरला फोन लावतं.

आम्ही काय केलं? मध्यरात्र ते पहाटे 5 सोडून सगळे तास परत उघडले. चकल्या संपल्या. अनारसे थोडे उरले, ते मी खाल्ले.

यंदा मावशीने फॉर्ममध्ये स्वतःहून एक प्रश्न घालायला लावलाय: ‘आमची जाहिरात कधी बघितलीत?’ शीट उघडण्याआधी मलाच सुचायला हवा होता तो. भेटू पुढच्या भागात!