तिथं दुपारी चारलाच अंधार पडतो
परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांची हिवाळ्यातली उदासी आणि घरच्यांचं काम

मुलगी इंग्लंडला शिकायला जाते. सप्टेंबरात तिला निरोप द्यायला सगळी आळी गोळा होते. ऑक्टोबरभर रोज व्हिडिओ कॉल येतो. हा माझा वर्ग, ही लायब्ररी, ही बघ झाडाची पानं कशी लाल झालीत. नोव्हेंबर लागतो आणि फोन कमी होऊ लागतात. डिसेंबरात फोन उचलला तरी ‘झोपले होते’, ‘थकलेय’, ‘नंतर बोलू’ एवढंच. आईला वाटतं, पोरगी बदलली. वडिलांना वाटतं, अभ्यास सुटला की काय. शेजारी म्हणतात, परदेशाची हवा लागली.

असं काही नसेलही. बरेचदा कारण तिथल्या आकाशात असतं.

आपल्या वस्त्यांमधली मुलं आता लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरापर्यंत जाऊ लागली आहेत. कुणी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर, कुणी कर्ज काढून. व्हिसा, तिकीट, स्वेटर, मसाल्याची पाकिटं अशी सगळी तयारी घरचे करून देतात. तिथल्या अंधाराबद्दल मात्र कुणीच काही सांगत नाही, कारण आपण तो पाहिलेलाच नसतो.

अंधार म्हणजे किती?

२१-२२ डिसेंबरला आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. त्या दिवशीही मुंबईत साधारण ११ तास उजेड असतो. लंडनमध्ये त्याच दिवशी सूर्य सकाळी आठच्या पुढे उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. एकूण उजेड आठ तासांहून कमी. एडिंबरात तर सात तासही नाही. त्यात कित्येक दिवस आभाळ भरलेलं, म्हणजे सूर्य उगवला तरी दिसत नाही.

आता त्या मुलीचा दिवस बघा. संध्याकाळी हॉटेलात किंवा गोदामात पार्टटाइम काम. रात्री उशिरा खोलीवर. झोप लागेपर्यंत दोन-तीन. उठायला अकरा-बारा. आवरून बाहेर पडेपर्यंत उजेडाचे दोन-तीन तास उरतात, आणि तेही वर्गाच्या चार भिंतींत जातात. असे कित्येक दिवस ओळीने गेले, तर उजेड अंगावर पडणार कधी?

शरीराला काय होतं?

आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. डोळ्यांत शिरणाऱ्या सकाळच्या उजेडावर ते रोज लावलं जातं. अंधार पडला की मेंदू मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडतो आणि झोप येते. उजेड झाला की ते कमी होतं आणि जाग येते. उजेड उशिरा आणि अपुरा मिळाला की हे घड्याळ मागे पडतं. दिवसा अंग जड राहतं, मन मलूल होतं.

या त्रासाला १९८४ मध्ये अमेरिकेत डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार म्हणून नाव दिलं. मराठीत त्याला ऋतुजन्य नैराश्य म्हणता येईल. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या उन्हातून न्यूयॉर्कला गेले होते, आणि तिथल्या हिवाळ्यात आपली ताकद ओसरते हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं होतं. म्हणजे उन्हाच्या देशातून गेलेल्या माणसाला हे होतं, ते मनाचे चोचले नव्हेत.

खुणा अशा:

– झोप खूप वाढते, तरी उठल्यावर ताजंतवानं वाटत नाही.
– पाव, बिस्किटं, गोड खावंसं वाटतं आणि वजन वाढतं.
– लक्ष लागत नाही, साधं ईमेल लिहायचंही जिवावर येतं.
– माणसं नकोशी वाटतात, फोन टाळला जातो.
– आवडती गोष्टसुद्धा आवडेनाशी होते.

पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. सहसा तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये ओसरतो. दोन वर्षं हिवाळ्यात तोच त्रास झाला तर डॉक्टर त्याला ऋतुजन्य नैराश्य म्हणतात. पण एक वर्षाच्या कोर्सला गेलेल्या मुलाच्या वाट्याला एकच हिवाळा येतो. घरची आठवण, पैशाची चिंता आणि अंधार यांतलं नेमकं काय नडतंय, हे त्याला वेगळं काढता येत नाही. म्हणून नावाची वाट बघू नये. दोन आठवडे सलग मन खाली असेल आणि रोजची कामं अडत असतील, तर डॉक्टरकडे जायचं.

तिथं राहणाऱ्यांनी काय करावं?

१. सकाळी बाहेर पडा. उठल्यावर तासाभराच्या आत अर्धा तास चाला. आभाळ भरलेलं असलं तरी खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा बाहेरचा उजेड कितीतरी पटींनी जास्त असतो. टेबल खिडकीजवळ घ्या, पडदे उघडे ठेवा.

२. उठायची वेळ एकच ठेवा. सुट्टीच्या दिवशीही. रात्रपाळीचं काम टाळता येत असेल तर टाळा.

३. खास दिवा. या त्रासासाठी १०,००० लक्स उजेडाचे दिवे मिळतात. सकाळी २० ते ३० मिनिटं दिवा समोर ठेवून वाचत बसायचं, त्याच्याकडे एकटक बघायचं नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, बायपोलर आजार असेल किंवा काही औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नका.

४. ड जीवनसत्त्व. ब्रिटनमध्ये हिवाळ्यातल्या उन्हातून ते पुरेसं मिळत नाही. तिथली आरोग्यसेवा सर्वांनाच हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करायला सांगते, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर. ही गोळी हाडं आणि स्नायूंसाठी. तिने उदासी जाईल असं समजून बसू नका.

५. दारूपासून लांब राहा. थंडीवरचा उपाय म्हणून ती हातात येते, पण झोप आणि मन दोन्ही आणखी बिघडवते.

६. डॉक्टर गाठा. विद्यार्थी व्हिसा घेतानाच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, म्हणजे एनएचएसचे, पैसे भरलेले असतात. गेल्या गेल्या जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. समुपदेशन आणि गरज पडली तर औषध, दोन्ही मिळतं. उदासीवर उपचार घेतले म्हणून व्हिसा जात नाही. डॉक्टरांशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं. अभ्यास मागे पडला तर विद्यापीठाकडे मुदत वाढवून मागता येते, पण अर्ज शेवटच्या तारखेआधी करा.

घरच्यांनी काय करावं?

खरी मदत इथूनही करता येते. सर्वांत आधी फोनची वेळ बदला.

आपण जेवणं आटोपून रात्री साडेनऊला फोन लावतो. हिवाळ्यात भारताचं घड्याळ ब्रिटनच्या साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे तिथं तेव्हा दुपारचे चार, नेमकी अंधार पडायची वेळ. त्या वेळी मन खाली असू शकतं. त्याऐवजी आपल्या दुपारी दोनला फोन लावा. तिथं सकाळचे साडेआठ झालेले असतात, नुकतं उजाडलेलं असतं. म्हणा, ‘बाळा, जॅकेट घाल, खाली उतर आणि चालता चालता बोल.’ उठणं, उजेड, चालणं आणि घरचा आवाज, चारही गोष्टी एका फोनमध्ये होतात. आई कामावर असेल तर आजी करील, भाऊ करील, मावशी करील. आठवड्याचे वार वाटून घ्या.

दुसरी गोष्ट, काय विचारायचं. ‘अभ्यास झाला का?’, ‘नोकरीचं काय?’, ‘पैसे उरतात का?’ या प्रश्नांनी मुलगी आणखी गप्प होते. त्याऐवजी विचारा, ‘आज बाहेर पडलीस का? काय जेवलीस? कुणाशी बोललीस?’ उत्तर एका शब्दात आलं तरी रागावू नका. इथलं सांगा. पिंट्याचं लग्न ठरलं, नळाला पाणी दोन तास आलं, गल्लीतली मांजर व्याली. अशा बोलण्याने माणूस घरात राहतो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. आपण सहज म्हणतो, ‘बाबासाहेबांनी अर्धपोटी राहून त्याच लंडनमध्ये अभ्यास केला, तुला काय कमी आहे?’ हे आपण धीर द्यायला म्हणतो. पण जिचं अंगच उठत नाही, त्या पोरीला हे ऐकून एवढंच कळतं की आपण नालायक आहोत. मग ती तब्येतीचं सांगायचंच बंद करते. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि त्यांनी त्यावर डॉक्टरांचे उपचार घेतले. त्यांचा आदर्श द्यायचाच तर हाही द्या, की आजारावर उपचार घ्यायचे असतात.

चौथी गोष्ट, सोबत. काही मुलं तिथल्या भारतीय मंडळींतही मिसळत नाहीत, कारण पहिल्याच भेटीत आडनाव विचारलं जातं. हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नसेल. ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन नेमका या अंधाऱ्या दिवसांत येतो. ब्रिटनमध्ये आंबेडकरी संस्था आणि बुद्धविहार आहेत. जवळ कुठे अभिवादनाला लोक जमणार असतील तर तिथं जायला सांगा. चार माणसांत जेवून आलेली मुलगी रात्री वेगळी बोलते.

ही खूण दिसली तर थांबू नका

‘जगून काय उपयोग’, ‘माझं ओझं झालंय सगळ्यांना’, ‘झोपावं आणि उठूच नये’ असं बोलणं कधीही हसण्यावारी नेऊ नका. ‘जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं. फोन चालू ठेवा, दुसऱ्या फोनवरून तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला कळवा. त्यासाठी एका मित्राचा आणि विद्यापीठाचा नंबर आधीच घरात लिहून ठेवा.

ब्रिटनमध्ये जिवाला धोका असेल तर ९९९. मानसिक संकटात १११ लावून इंग्लंडमध्ये २ दाबायचं. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर सॅमॅरिटन्स ११६ १२३, दिवसरात्र मोफत.

आणि इथं? आपल्याकडे दिवस एवढे लहान होत नाहीत, म्हणून हा ऋतूचा आजार क्वचित दिसतो. पण नैराश्य आपल्या घरांतही असतं. दोन आठवडे मन लागत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही. मुलीच्या काळजीने आईचीच झोप उडाली असेल, तर तिनेही हा नंबर लावायला हरकत नाही.

२२ डिसेंबरनंतर तिथला दिवस रोज थोडा थोडा वाढतो. २० मार्चच्या आसपास उजेड बारा तासांचा होतो आणि बहुतेकांचं मन आपोआप वर येतं. तोवरचे तीन महिने काढायचे आहेत. मुलगी, मुलगा, भाचा, पुतणी, कुणीही तिथं असेल, तर उद्या दुपारी दोनला फोन लावा.