गवताची खतावणी

समुद्राच्या तळाशी उगवणाऱ्या गवताचा रीतसर हिशेब मांडण्याचे काम ज्यांनी पहिल्यापहिल्याने मनावर घेतले, त्यांत योहानेस पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. आणि त्याच्यापुढील प्रश्न एखाद्या महसूल खात्याच्या दप्तरात शोभावा असाच होता : देशाच्या किनाऱ्याला दरसाल जी मासळी मिळते, तिच्यामागचे मूळ भांडवल कोणते? विसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कच्या उथळ समुद्रात ईलग्रास या सागरी गवताची कुरणे सुमारे 6,700 चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेली होती. शेवाळाशी या गवताचे नाते नाही. जमिनीवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी पुन्हा पाण्यात उतरलेली ही सपुष्प वनस्पती आहे. तिला मुळे आहेत, फुले आहेत, आणि तिचे परागकण वाऱ्याऐवजी पाण्याच्या प्रवाहाबरोबर फिरतात. जगभर अशा जाती साठ-सत्तरच्या आसपासच आहेत. पीटरसनने तळाचा चिखल ठराविक मापाने उचलून आणणारे यंत्र बनविले, त्यात सापडलेले किडे, शिंपले आणि कृमी मोजले, आणि सडलेले गवत कृमींच्या खाती, कृमी मासळीच्या खाती, अशी खतावणी करीत तो या निष्कर्षाला आला की, ईलग्रास हेच डॅनिश मत्स्यसंपत्तीचे मूळ भांडवल होय. 1918 साली प्रसिद्ध झालेला त्याचा ताळेबंद आज वाचतानाही त्यातील नेटकेपणाने मन प्रसन्न होते.

या ताळेबंदाची तपासणी निसर्गाने इतक्या लवकर आणि इतक्या निष्ठुरपणे करावी, हे मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पीटरसन 1928 साली वारला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर ईलग्रास काळे पडून कुजू लागले. पाने गळाली, मुळे सुटली, आणि थोड्याच काळात सुमारे नव्वद टक्के गवत नाहीसे झाले. लॅबिरिन्थुला नावाचा, बुरशीसारखा दिसणारा एक सूक्ष्म जीव या रोगाच्या मुळाशी होता, हे प्रयोगाने सिद्ध होण्यास मात्र 1980 च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. आता, मूळ भांडवलच बुडाल्यावर डेन्मार्कची मासळीही बुडावयास हवी होती. ती बुडाली नाही. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे खाते पीटरसनने फारच लहान धरले होते, आणि खरा भरणा बव्हंशी तेथून होत होता.

मग गवत गेल्याने काहीच बिघडले नाही काय? बिघडले, पण ते ज्या स्तंभांत नोंदले गेले असते ते स्तंभ पीटरसनच्या वहीत आखलेलेच नव्हते. हिवाळ्यात या गवतावर जगणाऱ्या ब्रेंट जातीच्या हंसांची संख्या भयंकर घटली. व्हर्जिनियाच्या किनारी खाड्यांतील स्कॅलॉप या शिंपल्यांचा धंदा बसला. आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर केवळ या गवताच्या पात्यांवरच राहणारी एक चिमुकली, टोपीच्या आकाराची गोगलगाय पृथ्वीवरूनच नाहीशी झाली. पण ही गोष्ट ध्यानात येऊन तिची रीतसर नोंद होण्यास 1991 साल उजाडले. तिच्या नाशाचे कारण मोठे चमत्कारिक आहे. रोगजंतूला कमी खारट पाणी मानवत नसल्यामुळे नदीमुखांच्या मचूळ पाण्यात थोडे गवत वाचले होते; परंतु गोगलगाईलाही तेच पाणी मानवत नव्हते. आश्रयस्थान होते, पण तिला तेथे प्रवेश नव्हता.

व्हर्जिनियाच्या त्या खाड्यांत रोगातून जे काही उरले असेल, ते 1933 च्या ऑगस्टमधील चक्रीवादळाने नेले, आणि पुढे सुमारे सहा दशके तेथे उघडी वाळू आणि चिखल यांखेरीज काही नव्हते. पाणी स्वच्छ होते, खोली योग्य होती, तरी गवत येईना. कारण ईलग्रासचे बी पडते तेथून काही मीटरच्या आतच रुजते आणि दूरच्या कुरणातून ते सहजासहजी येत नाही. या बाबीचा छडा लावणारा रॉबर्ट ऑर्थ आणि त्याचे सहकारी यांनी 1990 च्या दशकाअखेरीपासून तेथे हाताने पेरणी सुरू केली. वसंतात बी धरलेले फुटवे तोडून आणावयाचे, उन्हाळाभर ते पाण्याच्या टाक्यांत राखावयाचे, आणि शरदात बी होडीतून फेकावयाचे, हा क्रम त्यांनी वीस वर्षे चालविला. सात कोटींहून अधिक बी पेरले गेले, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तान्तानुसार सुमारे 3,600 हेक्टरांवर गवत डोलू लागले होते. सागरी परिसराच्या पुनरुज्जीवनाची उदाहरणे बहुधा कागदावर मोठी आणि पाण्यात लहान असतात. हे त्याला अपवाद आहे.

खाऱ्या दलदलींच्या अभ्यासाची कथा वेगळ्या किनाऱ्यावर, पण जवळजवळ त्याच वळणाने घडली. जॉर्जिया राज्यातील सपेलो बेटावर 1953 साली, तंबाखूच्या व्यापारात गब्बर झालेल्या रेनॉल्ड्स घराण्यातील एका वारसाच्या औदार्याने, विद्यापीठाची सागरी संशोधनशाळा स्थापन झाली, आणि युजीन ओडम याच्या प्रेरणेने तेथील स्पार्टिना गवताच्या विस्तीर्ण दलदलीत ऊर्जेचा जमाखर्च मांडण्याचे काम सुरू झाले. जॉन टील याने 1962 साली प्रसिद्ध केलेला निबंध हा त्या शाखेतील मानदंड ठरला. ताजे गवत खाणारे टोळ आणि तुडतुडे अगदी अल्प भाग खातात, उरलेले कुजते, कुजलेल्यावर खेकडे आणि जीवाणू पोसले जातात, आणि दलदलीच्या रहिवाशांच्या हाती लागण्यापूर्वीच सुमारे 45 टक्के उत्पन्न भरती-ओहोटी वाहून नेते, असा त्याचा हिशेब होता. ही निर्यात समुद्रातील मासळी पोसते, असे अनुमान ओडमने पुढे मांडले. आणि किनाऱ्यालगत फॉस्फेटच्या खाणी काढण्याचा प्रस्ताव आला तेव्हा हेच अनुमान लोकमत जागृत करण्यास इतके उपयोगी पडले की, 1970 साली जॉर्जियाने दलदलींच्या संरक्षणाचा कायदाच केला. दहा वर्षांनी स्कॉट निक्सन याने सर्व मोजण्या एकत्र करून दाखविले, की काही दलदली निर्यात करतात, काही आयात करतात, आणि सरसकट विधान करण्याजोगा पुरावा नाही. कायदा मात्र राहिला, आणि तो राहिला हे बरे झाले. शास्त्राच्या सदोष युक्तिवादातून निर्दोष कायदा निपजण्याचे प्रसंग विरळाच येतात.

टीलच्या निबंधात खरे गृहीत होते ते असे की, दलदलीतील गवताचे भवितव्य खालून ठरते : चिखलातील नत्र, मीठ आणि पाणी यांवर. खाणाऱ्याचा त्यात वाटा नगण्य. चाळीस वर्षांनी ब्रायन सिलिमन आणि मार्क बर्टनेस यांनी या गृहीताला सुरुंग लावला, आणि तो अगदी साध्या साधनांनी. स्पार्टिनाच्या दांड्यांवर एक शंखगोगलगाय वावरते, आणि ती केवळ मेलेले पाते खरवडते असा सर्वांचा समज होता. सिलिमनने जाळीच्या पिंजऱ्यांत या गोगलगाई निरनिराळ्या संख्येने कोंडल्या. जेथे त्या दाट होत्या तेथे, जगातील अत्यंत उत्पादक अशा कुरणांत गणल्या जाणाऱ्या त्या गवताचा आठ महिन्यांत उघडा चिखल झाला. पुढे असेही आढळले की, ती ताज्या पात्याला ओरखडे काढते, त्या जखमांत बुरशी वाढू देते, आणि मग ती बुरशी खाते; म्हणजे गोगलगाय ही एक प्रकारे शेतीच करते. या गोगलगाईंना आवर घालतात निळे खेकडे. खेकडा कमी झाला की गोगलगाय माजते, आणि त्यात अवर्षणाने गवत आधीच खंगले असेल तर कुरणच्या कुरण उजाड होते. गोगलगाईच्या वाट्याला सिलिमनने दिलेला दोष थोडा जास्त आहे, दुष्काळानेच बहुतेक काम उरकलेले असते, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी टाकाऊ वाटत नाही; परंतु खाणाऱ्याचे खाते शून्य धरता येत नाही, एवढे त्या पिंजऱ्यांनी निर्विवाद केले.

पीटरसन आणि टील यांच्या बेरजा चुकल्या नव्हत्या. त्यांची वहीच उशिरा उघडली होती. जेरेमी जॅक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 साली जो दीर्घ निबंध लिहिला, त्याचे तात्पर्य हेच की, किनारी परिसराचा शास्त्रीय अभ्यास सुरू होण्यापूर्वीच मनुष्याने तेथील मोठे प्राणी, म्हणजे कासवे, समुद्रगाई, पाणमांजरे आणि मोठे मासे, मारून संपविले होते. सर्वांत थोर खातेदार उठून गेल्यावर जे उरले, त्यालाच शास्त्रज्ञांनी मूळ स्थिती मानले.

खातेदार परत आला तर काय होते, याचे प्रात्यक्षिक कॅलिफोर्नियातील एल्खॉर्न स्लू या खाडीत पाहावयास मिळाले. सागरी पाणमांजराची कातडी मिळविण्यासाठी त्याची इतकी कत्तल झाली होती की, 1911 च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला संरक्षण मिळाले तेव्हा कॅलिफोर्नियात जेमतेम पन्नासेक उरली असावीत. 1984 च्या सुमारास ती या खाडीत शिरली. खाडीला लागून असलेल्या शेतांतून खतांचे पाणी अखंड येत होते, त्यामुळे ईलग्रासच्या पात्यांवर शेवाळ चढून ते गुदमरावे हाच न्याय होता. प्रत्यक्षात गवत वाढले. ब्रेंट ह्यूज याने 2013 साली या कोड्याचा उलगडा केला : पाणमांजर खेकडे खाते, खेकडे कमी झाल्याने शेवाळ खाणारे लहान जीव वाढतात, आणि ते जीव पाती स्वच्छ ठेवतात. 2024 साली त्याच चमूने याच खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीविषयी असे दाखविले की, काठाला बिळे पाडणारे आणि मुळे कुरतडणारे खेकडे पाणमांजराने खाल्ल्यामुळे काठाची धूप मंदावली. गवत आणि दलदल ही दोन निराळी प्रकरणे एकाच प्राण्याच्या नावावर जमा झाली.

आपल्या कोकणपट्टीत अशा गवताळ खाऱ्या दलदली फारशा नाहीत. तेथे खाडीकाठची मोक्याची जागा तिवरांनी घेतली आहे, आणि उरलेली खाजण म्हणून बांध घालून मनुष्याने. महसुली दृष्टीला खारी जमीन म्हणजे लागवडीखाली आणावयाचे पडीक. 1948 चा मुंबई इलाख्याचा खारजमीन कायदा याच दृष्टीतून आला. तरीही गोव्यातील मांडवी नदीच्या चिखलात हॅलोफिला बेकारी हे बोटभरही उंच नसलेले सागरी गवत आहे, आणि दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील तानाजी जगताप आणि अरविंद उंटवाले यांनी 1981 साली त्याच्या परिसराचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक यादीत हे गवत आज असुरक्षित म्हणून नोंदलेले आहे.

लक्षद्वीपची हकीकत मात्र एल्खॉर्नच्या नेमकी उलट आहे. तेथे हिरव्या कासवाची पूर्वी शिकार होई. त्याची चरबी होड्यांच्या लाकडाला लावीत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती थांबली, आणि या शतकाच्या आरंभी आगत्तीच्या उथळ खारकच्छात कासवांचे थवे जमू लागले. कोळी म्हणू लागले की, कासवे गवत खाऊन टाकतात, गवत गेल्याने मासळी जाते, आणि जाळीही फाटतात. या तक्रारीकडे कुरकुर म्हणून पाहणे सोपे होते; परंतु नचिकेत केळकर, रोहन आर्थर, तेरेसा आल्कोवेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यात कुंपणे घालून प्रयोग केला, आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनी कोळ्यांच्या निरीक्षणाला दुजोरा दिला. कुंपणात गवत वाढले. बाहेर ते खुरटले, आणि रुंद पात्याच्या थॅलॅसियाच्या जागी सिमोडोसिया ही दुसरी जात वाढू लागली. 2021 सालच्या त्यांच्या पुढील निबंधात कासवे एका बेटाचे गवत संपवून दुसऱ्याकडे वळत असल्याचा वृत्तान्त आहे. इंडोनेशियातील देरावान बेटावर मार्योलाइन क्रिस्तियानेन हिने तर कासवे पाती संपल्यावर मुळे उकरू लागल्याचे पाहिले. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे येथे मात्र वाघशार्कच्या धास्तीने समुद्रगाई कुरणाच्या मध्यभागी फार वेळ थांबत नाहीत आणि गवताला उसंत मिळते. शार्क जगभर घटले आहेत. कासव परतले, पण त्याला पुढे हाकलणारा परतला नाही.

कासवे मारावीत असे कोणीही जबाबदार मनुष्य सुचविणार नाही, आणि शार्क हुकमाने वाढत नाहीत. तेव्हा प्रत्येक बेटाच्या खारकच्छात गवताचे काही तुकडे कुंपणाखाली राखून ठेवणे, आणि त्यासाठी कोळ्यांना मेहनताना देणे, हा मला त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय वाटतो. थॅलॅसियाची फळे तरंगतात, त्यामुळे ईलग्रासप्रमाणे ती काही मीटरांत अडकून पडत नाहीत. एका बेटावर राखलेले गवत दुसऱ्या बेटाला बी पुरवू शकते. पण कासवे बेटामागून बेट संपवीत जात असताना तरंगणारे फळही कोणत्या तरी उभ्या गवतावरच धरावे लागते. आणि व्हर्जिनियाच्या खाड्यांत तेवढेही न उरल्यामुळेच साठ वर्षे वाट पाहून अखेर माणसांना होडीतून बी फेकावे लागले.