दगडातील स्फटिक आणि वाहता स्फटिक

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेच्या दोन्ही तीरांवर संगमरवराचे उंच कडे उभे आहेत. ह्या दगडाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून फिरविला, तर त्यातील बहुतेक कण आळीपाळीने उजळतात व काळवंडतात. ह्या सूक्ष्मदर्शकात कापाच्या खाली व वर एकेक ध्रुवक बसविलेला असतो. खालचा ध्रुवक प्रकाशाची कंपने एकाच दिशेची करतो. वरचा त्याच्याशी काटकोनात असल्यामुळे तो प्रकाश अडवितो. मध्ये स्फटिक आला, तर ह्या कंपनांत फेरफार होऊन काही प्रकाश वर निसटतो. किती निसटेल, हे स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेवर अवलंबून असते. दगडात ही दिशा कायमची बांधलेली असते. द्रवस्फटिकात मात्र ती विजेने वळविता येते.

राइनित्झर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला 1888 साली कोलेस्टेरॉलचे एक संयुग 145.5° से. तापमानास वितळून गढूळ, तर 178.5° ला स्वच्छ झालेले आढळले. मधला गढूळ द्रव वाहतो, तरी प्रकाशाला स्फटिकासारखा वागवितो. अशा पदार्थांचे रेणू बहुधा काडीसारखे लांबट असून साधारणतः एका दिशेने रांगेत राहतात. (तबकडीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात, हे नागपूर विद्यापीठात शिकलेले एस. चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी 1977 साली बंगलोर येथे दाखविले. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर ते हे नव्हेत.)

प्रयोगासाठी विद्युद्वाहक पारदर्शक लेप दिलेल्या दोन काचा घेतात. त्यांवरील पातळ थर कापडाने एकाच दिशेने घासला, की रेणू त्या दिशेने आडवे होतात. काचांमध्ये सुमारे शतांश मिलिमीटर जाडीचा द्रवस्फटिक भरून ही दिशा ध्रुवकांशी 45° कोनात ठेवली, म्हणजे क्षेत्र उजळ दिसते. आता विद्युद्दाब हळूहळू वाढवावा. प्रथम काहीच घडत नाही. पुष्कळ पदार्थांत एका व्होल्टच्या आसपास रंग एकाएकी पालटू लागतात, एकामागून एक सरकतात, आणि शेवटी रेणू उभे राहून जवळजवळ काळोख होतो.

आरंभीच्या ह्या स्तब्धतेचे कारण असे की, काचेलगतचे रेणू जागचे हलत नाहीत, आणि मधले वळू लागले की रांगेला बाक येतो. त्या बाकाला द्रवाचा विरोध असतो. फ्रेडरिक्स याने 1927 साली लेनिनग्राड येथे चुंबकीय क्षेत्रात हाच उंबरठा पाहिला होता. थर दुप्पट जाड केला, तर बाक सौम्य होऊन निम्मे क्षेत्र पुरते. परंतु दुप्पट अंतरात तोच दाब निम्मेच क्षेत्र निर्माण करतो. म्हणून जाडी कितीही असली, तरी उंबरठ्याचा दाब बदलत नाही!

परतीचे तसे नाही. दाब काढल्यावर रेणू पुन्हा आडवे होतात खरे, पण दुप्पट जाड थरात त्यांना सुमारे चौपट वेळ लागतो. घड्याळांच्या व गणकयंत्रांच्या द्रवस्फटिकी पट्ट्यांत थर अतिशय पातळ ठेवतात, त्याचे हे एक कारण होय.