साध्या लॅपटॉपवर सिद्धता

सकाळी ८

आज एकच काम घेतलंय, पण ते दिवसभर पुरेल. सिन्नरहून न्यूझीलंडमधल्या न्यू लिनला लेकीकडे राहायला आलेल्या एका निवृत्त गणितशिक्षकांच्या लॅपटॉपवर ‘रॉक’ बसवून द्यायचं आहे. रॉक हे प्रमेयं सिद्ध करायचं सॉफ्टवेअर. फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधनसंस्थेत १९८४ साली तिएरी कोकाँ आणि जेरार यूए यांनी त्याचा पाया घातला. मार्च २०२५ मध्ये ९.० ही आवृत्ती आली, तोवर ते ‘कॉक’ म्हणून ओळखलं जायचं. सिद्धता आपण लिहायची. प्रत्येक पायरी तर्काच्या नियमांत बसते की नाही, ते हे सॉफ्टवेअर तपासतं. बसली नाही तर पुढे जाऊ देत नाही.

सरांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे आणि मेमरी ८ जीबी. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलर मिळतो, आणि नुसती तोंडओळख हवी असेल तर तो पुरेसा आहे. पण सरांना पुढे इतरांनी सिद्ध करून ठेवलेल्या प्रमेयांचे संच जोडायचे आहेत. ते ‘ओपॅम’ नावाच्या पॅकेज मॅनेजरमधून येतात आणि त्यांच्याबरोबरच्या सूचना बहुधा युनिक्स गृहीत धरून लिहिलेल्या असतात. म्हणून विंडोजच्या आतच युनिक्सच्या वळणाचं लिनक्स बसवायचं ठरलं.

सरांना यातून हवंय काय, ते त्यांनी फोनवरच सांगितलं होतं. “कापरेकरांचा ६१७४ मी वर्गात तीस वर्षं करून दाखवला. सिद्ध मात्र कधी केला नाही.”

सकाळी ९

न्यू लिनचं रेल्वे स्टेशन २०१० पासून जमिनीखालच्या खंदकात आहे. तिथून वर येऊन ॲम्ब्रिको प्लेसकडे चालत गेले. विटांची जुनी भट्टी तिथे जपून ठेवली आहे. हा सगळा भाग मातीकामाचा. क्राउन लिन या इथल्या कारखान्याच्या कपबश्या देशभर घरोघरी होत्या, तो १९८९ मध्ये बंद झाला. सरांनी चहा दिला तो त्याच कपातून. लेकीनं ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, शोधून आणलेला.

लॅपटॉप उघडून आधी टास्क मॅनेजर, त्यात परफॉर्मन्स, त्यात सीपीयू. खाली उजवीकडे एक ओळ असते : व्हर्च्युअलायझेशन. इथे ‘डिसेबल्ड’ होतं. ते सुरू केल्याशिवाय विंडोजमध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा मूळ गाभा, चालत नाही, आणि सुरू करायचं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरावं लागतं. त्याआधी एक काम कटाक्षानं करायचं : डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यायची. बायोसमधलं काही बदललं की विंडोज पुढच्या वेळी ती मागू शकतं, आणि ती हाताशी नसली तर माणसाचे फोटो, कागदपत्रं, सगळंच अडकतं. सरांनी ४८ आकडे वहीत लिहिले आणि पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून ताडून पाहिले. वर्गात हजेरी घेतात तसं.

चिप एएमडीची, म्हणून बायोसमधल्या सेटिंगचं नाव ‘एसव्हीएम मोड’. सुरू केलं, सेव्ह केलं, विंडोज नीट उघडलं. कीची गरज पडली नाही.

सकाळी १०

युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवायची धडपड जुनी आहे. १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत सिग्विनची सुरुवात झाली. युनिक्सचा प्रोग्राम व्यवस्थेकडे जे मागतो ते विंडोजच्या भाषेत समजावून देणारा तो एक थर. इसाबेल हे रॉकसारखंच दुसरं मोठं सॉफ्टवेअर. त्याच्या विंडोज आवृत्तीत आजही सिग्विन सोबत येतं. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवणारं डब्ल्यूएसएल आणलं. तेही आधी असा दुभाष्याचा थरच होतं. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० पासून दुसरी आवृत्ती सर्वांना मिळाली आणि चित्र पालटलं, कारण तिच्यात लिनक्सचा खराखुरा कर्नल चालतो. भाषांतर करावंच लागत नाही.

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पॉवरशेल उघडलं, एका ओळीची कमांड दिली, रीस्टार्ट केलं, आणि उबुंटू, म्हणजे आपण बसवलेलं लिनक्स, नवीन युजरचं नाव विचारू लागलं. सरांनी नाव दिलं. पासवर्ड टाकताना थबकले.

“काही उमटत नाहीये हो.”

“उमटणार नाही सर. अक्षर सोडा, ठिपकासुद्धा नाही. तुम्ही टाइप करत राहा.”

पहिल्यांदा लिनक्ससमोर बसलेला प्रत्येक माणूस इथे थबकतो. शेजारी कुणी सांगणारं असलं तर पाच सेकंदांचा प्रश्न, नसलं तर तिथेच लॅपटॉप बंद होतो. हे सॉफ्टवेअर विद्यापीठांबाहेर फार पोचलेलं नाही, त्याचं मोठं कारण मला अशाच जागांमध्ये दिसतं. तर्क अवघड आहे म्हणून माणसं परत जातात असं नाही. तर्कापर्यंत ती पोचतच नाहीत.

सकाळी ११

आता बांधकामाचं साहित्य. आधी उबुंटूची पॅकेजयादी ताजी केली. मग सी कंपायलर, मेक, मोठ्या संख्यांच्या आकडेमोडीची जीएमपी लायब्ररी आणि ओपॅम. जीएमपी विसरली तर रॉक अर्ध्या वाटेत थांबतं.

मेमरीचंही आत्ताच बघितलं. डब्ल्यूएसएल लॅपटॉपच्या मेमरीतली निम्मी घेतं, म्हणजे इथे ४ जीबी. विंडोजमधल्या सरांच्या फोल्डरमध्ये एक छोटी कॉन्फिग फाइल ठेवून ती ६ केली आणि डब्ल्यूएसएल बंद करून पुन्हा उघडलं. कंपाइल करताना ओपॅम एकाच वेळी अनेक कामं काढतं, तीही दोनवर आणली. मेमरी कमी पडली तर लिनक्स कंपायलरलाच मधेच बंद करतं, आणि येणारा एरर इतका मोघम असतो की नवखा माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

सरांना सगळ्या फाइली विंडोजच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हव्या होत्या, म्हणजे रोजच्या सवयीनं सापडतील. लिनक्समधून सी ड्राइव्ह दिसतो, पण तिथली प्रत्येक फाइल दोन व्यवस्थांमधला पूल ओलांडून येते. हजारो छोट्या फाइली वाचणारं काम तिथे फार रेंगाळतं. म्हणून काम लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवायचं, आणि विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये डावीकडे लिनक्सचं चिन्ह येतं तिथून उघडायचं. सरांना हे पटलं. त्यांनी चिन्हाशेजारी बोट ठेवून फोटो काढून घेतला.

दुपारी १२

ओपॅमनं आधी ओकॅमल भाषेचा कंपायलर मुळापासून बांधला. रॉक त्याच भाषेत लिहिलेलं आहे. मग रॉक, आणि त्याची स्टँडर्ड लायब्ररी. ९.० पासून ती वेगळ्या पॅकेजात आहे. पंख्याचा आवाज वाढला. आता आपल्याला काही करायचं नव्हतं. सरांनी पिठलं टाकलं, तांदूळ धुतले, आणि सकाळपासून मनात असलेला प्रश्न विचारला : “यंत्र म्हणतंय बरोबर, तर यंत्रावर का विश्वास ठेवायचा?”

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. त्यांना केप्लरच्या अटकळीची गोष्ट सांगितली. सारखे गोल कमीत कमी जागेत कसे रचायचे? फळवाले संत्री रचतात तसेच, त्याहून दाट रचना नाही, असं केप्लरनं १६११ मध्ये लिहिलं. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्धता दिली. शेकडो पानं आणि वर संगणकाची प्रचंड आकडेमोड. बारा परीक्षक काही वर्षं ती तपासत होते. शेवटी त्यांनी कळवलं की ९९ टक्के खात्री आहे, पण सगळी आकडेमोड तपासणं शक्य नाही.

“९९ टक्के? गणितात?” सर पळी हातात घेऊन उभेच राहिले.

हेल्सही त्यावर थांबले नाहीत. त्यांनी अनेकांना बरोबर घेऊन पूर्ण सिद्धता एचओएल लाइट आणि इसाबेल या दोन सॉफ्टवेअरमध्ये पायरीपायरीनं लिहून काढली. ऑगस्ट २०१४ मध्ये ती पुरी झाली. रॉकमध्येही असं मोठं काम झालेलं आहे : चार रंगांचं प्रमेय जॉर्ज गाँतिए यांनी २००५ मध्ये त्यात पूर्णपणे बसवलं. आपेल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या आधारानं दिलेल्या त्या सिद्धतेबद्दल बरीच वर्षं माणसं साशंक होती.

आणि विश्वासाच्या प्रश्नाचं उत्तर रचनेत आहे. रॉक मोठं आहे, त्यात सोयी ढीगभर. पण अंतिम निकाल देणारा गाभा लहान आहे. बाकीचा पसारा कितीही चुकला तरी त्यानं उभी केलेली सिद्धता शेवटी या गाभ्यातूनच जावी लागते. म्हणजे तपासायचा तो एवढासा भाग, आणि तो जगभरच्या लोकांनी डोळ्यांखालून घातला आहे. शिवाय सिद्धतेची फाइल कुणालाही देता येते. ज्याला शंका आहे त्यानं ती आपल्या घरच्या संगणकावर चालवून बघावी. कुणाच्या नावावर किंवा पदावर भिस्त ठेवायची गरज नाही. म्हणूनच हे सॉफ्टवेअर घरच्या साध्या संगणकावर चालायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी २

सिद्धता लिहायला व्हीएस कोड हे एडिटर विंडोजमध्ये बसवलं आणि त्याला डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन जोडलं. खिडकी विंडोजची, काम लिनक्समध्ये. रॉकचं एक्स्टेन्शन मात्र लिनक्सच्या बाजूला बसवायचं असतं आणि त्याचा लँग्वेज सर्व्हर ओपॅममधून. खालच्या पट्टीत ‘सीआरएलएफ’ दिसलं ते ‘एलएफ’ केलं. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं, युनिक्स एकच. ती जास्तीची खूण डोळ्यांना दिसत नाही, पण शेल स्क्रिप्ट तिच्यामुळे चालायची थांबते.

दुपारी ३

आता ६१७४. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. पगार शिक्षकाचा, गणित सगळं फावल्या वेळातलं. १९४९ मध्ये त्यांनी ही गोष्ट मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा ते जगभर पोचले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, वजा करा. ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथून पुढे ६१७४ च.

सरांनी विधान फळ्यावर लिहावं तसं सांगितलं, मी रॉकमध्ये लिहू लागले आणि लगेच एक सूचना झळकली. रॉकमधली नैसर्गिक संख्या म्हणजे शून्य, त्याच्या पुढची, तिच्याही पुढची अशी साखळी. ६१७४ म्हणजे शून्यावर ६१७४ वेळा ‘पुढची’. मोठी संख्या अशी उलगडली तर मेमरी भरेल, असं ते सांगत होतं. म्हणून द्विमान पद्धतीनं साठवलेला संख्याप्रकार घेतला.

खरी अडचण पुढे होती. २१११ घ्या. अंक सगळे सारखे नाहीत. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता? तीन अंकी ९९९ धरली तर पुढचं उत्तर शून्य, आणि प्रमेय खोटं. ०९९९ असे चार अंक धरले तर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४.

“शून्य लिहायचं, हे मुलांना मी सांगायचो,” सर म्हणाले. “पण विधानात नव्हतं ते. तोंडी होतं.”

तोंडी राहिलेलं हे कलम आता व्याख्येत आलं : प्रत्येक संख्येचे चार अंक भागाकार आणि बाकीनं काढायचे, सुरुवातीची शून्यं धरून. मग ‘जास्तीत जास्त सात पायऱ्या’ कसं लिहायचं? ६१७४ स्वतःवरच येते, म्हणून ‘बरोबर सात वेळा केल्यावर ६१७४’ एवढं पुरतं. ० ते ९९९९ ची यादी. त्यातल्या सारख्या अंकांच्या दहा सोडून उरलेल्या ९९९० संख्या तपासायच्या. रॉकच्या आतल्या गणनयंत्रानं ते क्षणात केलं.

पण एवढ्यानं प्रमेय होत नाही. ‘या यादीतल्या प्रत्येकीसाठी तपासणीचं उत्तर होय आलं’ हे एक वाक्य, आणि ‘१०,००० पेक्षा लहान प्रत्येक संख्येसाठी हे खरं आहे’ हे दुसरं. दुसऱ्यावर जायचं तर १०,००० पेक्षा लहान प्रत्येक संख्या यादीत आहे हे दाखवावं लागतं. त्या छोट्या उपप्रमेयाला आकडेमोडीच्या कितीतरी पट वेळ लागला. सर तेव्हा खुर्ची पुढे ओढून बसले होते. फाइलमधली टिपणं त्यांनीच मराठीत टाइप केली.

दुपारी साडेचार

‘क्यूईडी’, म्हणजे सिद्धता पूर्ण झाल्याचं सांगणारी शेवटची ओळ, मान्य झाली. मग एक आज्ञा दिली, जी हे प्रमेय कोणकोणत्या गृहीतकांवर उभं आहे ते छापते. उत्तर : वेगळं काही गृहीत धरलेलं नाही. सरांना हेही सांगितलं की झटपट आकडेमोडीसाठी वापरलेलं गणनयंत्र विश्वासाच्या कक्षेत येतं, आणि ते या यादीत दिसत नाही.

रॉक मुळात ‘विधान एक तर खरं, नाहीतर खोटं’ हा नियमही आपणहून धरत नाही. अशा रचनात्मक गणितावर न्यूझीलंडमध्येच, क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात, डग्लस ब्रिजेस यांनी मोठं काम केलं आहे. सरांना तो विषय हवा होता, पण तो एका संध्याकाळीत मावणारा नाही. पुस्तकाचं नाव वहीत लिहून दिलं.

संध्याकाळी ५

सगळ्या उबुंटूची एक फाइल करून पेन ड्राइव्हवर ठेवली. लॅपटॉप बिघडला तरी दुसऱ्यावर आजचं सगळं जसंच्या तसं उभं करता येईल. तोवर सरांनी स्वतः तीन अंकांसाठी व्याख्या बदलायला घेतली होती. तिथला स्थिरांक ४९५.

सिन्नरला सकाळचे साडेदहा झाले होते. त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला, स्क्रीन दाखवला, २१११ ची गोष्ट सांगितली. पलीकडून आधी बराच वेळ आकडे पुटपुटल्याचं ऐकू आलं. मग प्रश्न आला, “सर, माझ्या मशिनवर तो टास्क मॅनेजर कुठे असतो?”